विरामचिन्हांचा सेवक : मेजर थॉमस कँडी



मंडळीच्या उपासनेत पवित्र शास्त्राचे वाचन चालू असते, तेव्हा वाचणारा कोठे थांबतो, कोठे आवाज किंचित चढवितो आणि कोठे वाक्य संपवून श्वास घेतो, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. अर्थ आपोआप मनात उतरतो, असे आपल्याला वाटते. वस्तुतः पानावरच्या अक्षरांमध्ये पेरलेल्या काही बारीक खुणा वाचणाऱ्याला हात धरून नेत असतात. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही त्या खुणांची नावे आपण शाळेत पाठ केली आणि विसरून गेलो. परंतु मराठी भाषेत या खुणा पूर्वापार नव्हत्या. त्या मराठीत रूढ व्हाव्यात म्हणून ज्यांनी परिश्रम घेतले, त्यांत मेजर थॉमस कँडी यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या जीवनकार्याची ओळख करून घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

आपल्यापैकी जी कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त फरीदाबाद, दिल्ली यांसारख्या ठिकाणी स्थायिक झाली आहेत, त्यांच्या घरात तर या इतिहासाची खूण रोज उमटते. मुले शाळेच्या हिंदी वहीत वाक्य संपले की उभा दंड काढतात. तीच मुले गावाकडच्या आजीला मराठीत चार ओळी लिहू लागली, की त्याच देवनागरी लिपीत वाक्याच्या शेवटी टिंब देतात. लिपी एक, मग पूर्णविराम दोन का, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर आपण काय उत्तर देऊ? ते उत्तर शोधण्यासाठी आपल्याला एकोणिसाव्या शतकातील पुण्याकडे वळले पाहिजे.

सैनिकाचा कोशकार झाला

थॉमस कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमधील ईस्ट नॉईल या गावी झाला. जॉर्ज हे त्यांचे जुळे बंधू. ऑक्सफर्ड येथे शिक्षण झाल्यावर थॉमस १८२२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात नोकरी पत्करून हिंदुस्थानात आले. त्या वेळी ते जेमतेम सतरा-अठरा वर्षांचे होते. पेशवाई बुडून चारच वर्षे झाली होती आणि मुंबई इलाख्यातील नव्या सरकारला येथील लोकांची भाषा जाणणाऱ्या माणसांची नितांत गरज होती. तरुण कँडींनी देशी भाषांचा अभ्यास मनापासून केला आणि सैन्यात दुभाष्याचे काम त्यांच्याकडे आले.

याच सुमारास जेम्स मोल्सवर्थ या दुसऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याने मराठी शब्दांचा कोश सिद्ध करण्याचे प्रचंड काम हाती घेतले होते. लोक त्यांना प्रेमाने मोलेसरशास्त्री म्हणत. युद्धाचा व्यवसाय आपल्या ख्रिस्ती विवेकाला पटत नाही, म्हणून पुढे त्यांनी सैन्याची नोकरी सोडली, ही गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. या मोल्सवर्थांच्या मदतीला कँडी बंधू आले. शास्त्रीपंडितांच्या साहाय्याने बोलीतील, व्यवहारातील व ग्रंथांतील शब्द गोळा करावयाचे, त्यांचे लिंग ठरवावयाचे, अर्थाच्या छटा वेगळ्या करावयाच्या आणि प्रत्येक शब्द पारखून घ्यावयाचा, असे ते चिकाटीचे काम होते. १८३१ साली हा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला.

त्यानंतर इंग्रजी-मराठी कोशाचे काम सुरू झाले; परंतु मोल्सवर्थांची प्रकृती ढासळली आणि ते मायदेशी परतले. अर्धवट राहिलेले काम कँडींच्या शिरावर आले. दुसऱ्याने आरंभिलेले काम पुरे करण्यात नाव थोडे आणि कष्ट फार. तरीही कँडींनी ते सोडले नाही. १८४७ साली तो कोश त्यांनी पूर्णत्वास नेला. पुढे मोल्सवर्थ पुन्हा हिंदुस्थानात आले, आणि मराठी-इंग्रजी कोशाची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तीच आवृत्ती आजतागायत अभ्यासकांच्या हाताशी असते. आपले बाबा पदमनजी यांनी या कोशाचा संक्षेप करून तो १८६३ साली प्रसिद्ध केला. यावरून या कोशाची सर्वसामान्य वाचकाला केवढी गरज भासत होती, ते दिसून येते.

दोघा जुळ्या भावांच्या वाटा मात्र पुढे निराळ्या झाल्या. जॉर्ज यांनी सैन्य सोडून धर्मसेवेची दीक्षा घेतली आणि मुंबईत ख्रिस्ती सेवा केली. थॉमस सरकारी सेवेतच राहिले. त्यांच्या वाट्याला वेदी आली नाही. मेज, दौत आणि तपासावयाची हस्तलिखिते आली. एकच जन्मदिवस असलेल्या या दोन भावांपैकी कोणाचे पाचारण मोठे, हा प्रश्न आपण विचारू नये. देवाच्या द्राक्षमळ्यात कामे अनेक प्रकारची असतात.

विरामाविना लिहिलेली भाषा

कँडींच्या कार्याचे मोल कळावयाचे असेल, तर त्यांच्यापूर्वीचे मराठी लेखन कसे होते ते पाहिले पाहिजे. रोजचा व्यवहार मोडी लिपीत चाले. कारकून प्रथम कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढी आणि मग हात न उचलता रेघेखाली अक्षरे लिहीत जाई. शब्द कोठे संपला आणि वाक्य कोठे संपले हे वाचणाऱ्याने अनुभवाने ओळखावयाचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही मोडीत फारसा पाळला जात नसे. देवनागरी पोथ्यांत दंड असत. परंतु ते मुख्यतः श्लोकाचा किंवा ओवीचा शेवट दाखविण्यासाठी. गद्यातील लांब वाक्याला आतून आधार देणारी खूण नव्हती.

जोपर्यंत लिहिणारा व वाचणारा एकाच कचेरीतले किंवा एकाच परंपरेतले होते, तोपर्यंत त्यावाचून अडले नाही. छापखाना आला आणि परिस्थिती पालटली. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मराठी व्याकरण व १८१० साली मराठी कोश छापला. १८१७ पासून मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तके निघू लागली. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण निघाले, १८३६ साली दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण आले, १८४२ साली ज्ञानोदय सुरू झाला. आता लिहिणारा मुंबईत आणि वाचणारा कोकणातील किंवा खानदेशातील एखाद्या खेड्यात, असा प्रकार झाला. या वाचकाला काही शंका आली तर विचारावयास लेखक जवळ नव्हता. त्याच्यासाठी लेखकाचा श्वास आणि स्वर कागदावरच उतरविणे भाग होते.

ही गरज ओळखून कँडींनी १८५० साली विरामचिन्हांची परिभाषा ही छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. कोशापुढे तिचा आकार काहीच नाही. पण मराठी लिहिणाऱ्या प्रत्येक हातावर तिचा परिणाम झाला. इंग्रजीतील खुणा मराठी वाक्याला कशा लावावयाच्या, हे त्यांनी शिकवावयास घेतले. शालेय पुस्तके, छापखाने व वर्तमानपत्रे यांच्याद्वारे या खुणा हळूहळू सर्वत्र पसरल्या. वाक्याच्या शेवटचा दंड मराठी गद्यातून मागे पडला व टिंब आले. हिंदीने मात्र प्रामुख्याने आपला दंड राखला. फरीदाबादच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. दोहोंपैकी एक शुद्ध व दुसरे अशुद्ध असे मुळीच नाही. दोन बहिणींनी वाक्य संपविण्याच्या दोन रीती पत्करल्या, एवढेच.

पवित्र शास्त्र आणि लहानशी खूण

वाचकहो, हा विषय केवळ शाळामास्तरांचा आहे असे कोणी समजू नये. नव्या कराराच्या सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही आणि विरामचिन्हे अगदी तुरळक आहेत. त्यामुळे कोठे थांबावयाचे हे भाषांतरकारांना प्रार्थनापूर्वक व अभ्यासपूर्वक ठरवावे लागते. प्रभूने वधस्तंभावरून पश्चात्तापी चोराला दिलेले आश्वासन लूकच्या तेविसाव्या अध्यायात आहे. त्यात आज हा एक शब्द आहे. विराम या शब्दाच्या आधी घेतला, तर तो चोर त्याच दिवशी सुखलोकात प्रभूबरोबर असणार असा अर्थ होतो. विराम त्याच्या नंतर घेतला, तर आश्वासन आज दिले, एवढाच अर्थ उरतो. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात आणि बहुतेक सर्व भाषांतरांत तो विराम आधीच आहे. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या मनुष्याची केवढी मोठी आशा एका लहानशा खुणेच्या जागेवर अवलंबून आहे, याचा विचार करा.

लॅटिन भाषेत पवित्र शास्त्राचे भाषांतर करणारे संत जेरोम यांनाही ही अडचण ठाऊक होती. काही संदेष्ट्यांच्या पुस्तकांचा मजकूर त्यांनी अर्थानुसार तुकडे पाडून ओळीओळीने मांडला, तो वाचणाऱ्याला सोपे जावे म्हणूनच. त्याहूनही मागे गेलो, तर नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा व लेवी लोकांपुढे नियमशास्त्र स्पष्ट वाचून त्याचा अर्थ समजावून देताना दिसतात. लोकांना समजले, म्हणून ते रडले आणि मग आनंदित झाले. समजले नसते, तर अश्रूही आले नसते आणि आनंदही झाला नसता. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने नियमशास्त्राच्या चिरंतनत्वाविषयी बोलताना लिपीतील अगदी लहान चिन्हाचा दाखला दिला, आणि मराठी भाषांतरकारांना तेथे काना-मात्रा आठवली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

शाळा, भाषांतर आणि अधिकार

कँडी १८३७ साली पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख झाले. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेली ही पाठशाळा १८५१ साली इंग्रजी शाळेशी जोडण्यात आली, आणि पुढे तिचेच डेक्कन कॉलेज झाले. सरकारी मराठी शाळांची देखरेख आणि शालेय पुस्तकांची तपासणी हीही कामे कँडींकडे होती. नीतिज्ञानाची परिभाषा, हिंदुस्थानचे वर्णन यांसारखी पुस्तके त्यांनी स्वतः लिहिली. भारतीय दंडसंहितेच्या मराठी भाषांतराशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. कायद्याच्या वाक्यात विराम चुकला तर निर्दोष मनुष्य अडकतो आणि अपराधी सुटतो. तेव्हा तेथे त्यांची काटेकोर वृत्ती उपयोगी पडली असेल, यात नवल नाही.

शाळेत जाणाऱ्या मराठी मुलाच्या हाती पडणारा बराचसा मजकूर या एका माणसाच्या नजरेखालून जात असे. असा अधिकार हाती येणे हीच मनुष्याची कसोटी असते. येथे आपण प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कँडींवर त्यांच्या काळी व नंतरही टीका झाली. मराठी ही त्यांची शिकून मिळविलेली भाषा होती, जन्मभाषा नव्हे. परक्या साहेबाने देशी विद्वानांच्या लेखनावर लेखणी चालवावी, हे अनेकांना रुचले नाही. त्या काळच्या शालेय पुस्तकांतील मराठी इंग्रजी वळणाची, नियमात बसणारी पण जिवंतपणा हरवलेली आहे, असा आक्षेप घेतला गेला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली आणि मराठीच्या स्वत्वाचा पक्ष तेजस्वीपणे मांडला. विशेष म्हणजे तेही विरामचिन्हे वापरूनच लिहीत होते. चिन्हे टिकली, कारण ती वाचकाच्या कामी आली. साहेबी वळण टिकले नाही, कारण ते वरून लादलेले होते.

या दोन गोष्टींतील भेद आपण मनात कोरून ठेवावा. भाषेतील नियम वाचणाऱ्याची वाट सोपी करण्यासाठी असतो, तेव्हा ती सेवा असते. तोच नियम दुसऱ्याला खाली पाहावयास लावण्यासाठी वापरला, की ती सत्ता होते. कँडींच्या जीवनात दोन्ही गोष्टींचा अंश होता. ते मनुष्यच होते. आणि त्यांच्या नावावर जमा असलेल्या कामात मराठी शास्त्रीपंडितांचा वाटा फार मोठा होता, हेही विसरता कामा नये. त्या पंडितांवाचून एकही साहेब कोशकार झाला नसता.

आयुष्याच्या अखेरीपर्यंत कँडींचे मराठीशी नाते सुटले नाही. इंग्रजी-मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८७३ साली निघाली, तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे त्यांचे निधन झाले. तरुणपणी तलवार बांधून आलेला हा मनुष्य लेखणी हाती असतानाच या भूमीवर विसावला.

आपल्यासाठी बोध

आज आपण पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लिहितो. मोबाईलवर दिवसभर संदेश येतात आणि जातात. घाईत विरामचिन्ह कोण देतो? परंतु समजा, फरीदाबादला राहणाऱ्या थोरल्या भावाने गावाकडील धाकट्याला वडिलार्जित शेताविषयी कळविले : जमीन विकू नका ठेवा. विराम नका या शब्दानंतर असेल, तर शेत राहिले. विकू या शब्दानंतर असेल, तर शेत गेले. एक स्वल्पविराम वाचविला आणि दोन भावांत वितुष्ट आले, असे व्हावयास नको. अशा वेळी अक्षरांत ममता असूनही ती पोहोचत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. सुत म्हणजे पुत्र आणि सूत म्हणजे धागा. आपल्या गीतपत्रिकेत देवसुत हा शब्द छापताना उकार दीर्घ झाला, तर प्रभूच्या नावाच्या जागी भलतेच काही उभे राहते. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. प्रार्थनादिन दीर्घ लिहिला, की अर्थ बिघडतो. मंडळीची सूचना, लग्नाची पत्रिका, अंत्यविधीचे निवेदन, आजाऱ्यासाठी केलेली प्रार्थनेची विनंती, यांपैकी काहीही छापावयास किंवा पाठविण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचून पाहावे. जेथे वाचताना अडखळतो, तेथे खूण हवी आहे किंवा शब्द चुकला आहे, असे समजावे. याला विद्वत्ता लागत नाही. वाचणाऱ्याविषयी कळवळा लागतो.

तथापि कँडींच्या चरित्रातील दुसरा धडाही सोडू नये. ज्यांची मुले महाराष्ट्राबाहेर वाढतात, त्यांच्या मराठीत चुका राहणारच. मुलाने आजीला लिहिलेल्या पत्रात टिंबाऐवजी दंड आला, तर त्याला हसू नये. आधी त्याने पत्र लिहिले याचा आनंद मानावा, मग शेजारी बसवून टिंब कोठे द्यावयाचे ते सांगावे. मंडळीत एखादी भगिनी प्रथमच साक्ष लिहून आणते, तेव्हा तिच्या कागदावर तांबडी शाई ओतू नये. दुरुस्ती अवश्य करावी. पण ती तिचा अर्थ अधिक स्पष्ट व्हावा म्हणून, आपले ज्ञान दिसावे म्हणून नव्हे. ज्याच्या शब्दाला आपण हात लावतो, त्याचा मान राखणे हेही व्याकरणाइतकेच आवश्यक आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. हा मान आपण रोज लिहितो त्या चार ओळींत राखला पाहिजे.

करिंथ येथील मंडळीला लिहिताना संत पौलाने रणशिंगाचा दृष्टान्त दिला आहे. शिंगाचा नाद अस्पष्ट असेल तर लढाईची तयारी कोणी करणार नाही, असा त्याचा आशय आहे. मेजर कँडी सैनिक होते. हा दृष्टान्त त्यांना सहज समजला असता. तर वाचकहो, आपण ख्रिस्ताचे साक्षी म्हणून जे बोलतो व लिहितो, त्याचा नाद स्पष्ट असावा. आपल्या लेखणीतून कोणाची दिशाभूल होऊ नये आणि आपल्या दुरुस्तीने कोणाचे मन दुखवू नये, एवढी कृपा प्रभू आपणा सर्वांस देवो.